माझ्या फोनला वाटतं मी श्रीमंत आहे

माझ्या फोनचा माझ्याबद्दल फार मोठा गैरसमज झालाय. त्याला वाटतं मी श्रीमंत आहे.

सकाळी म्हशीची धार काढून झाली, चहा झाला, की मी दारातल्या कट्ट्यावर टेकते आणि फोन उघडते. बघायचं काय असतं? कुणीतरी बाई शेवग्याच्या पाल्याची भाजी करून दाखवत असते, ती. मला येते ती भाजी. पण दुसरीची चूक काढत चहा पचवायला बरं वाटतं. तर ती बाई कढईत तेल ओतायच्या आत मध्येच जाहिरात येते. समुद्र दिसणारं घर. चार खोल्या, गच्चीवर पोहायचा तलाव, आणि तलावाच्या कडेला माझ्याच वयाची एक बाई पांढऱ्या कपड्यात उगाच हसत बसलेली. ती गेली की बर्फातली सहल. मग मनगटातलं घड्याळ, ज्याची किंमत सांगायलासुद्धा त्यांना लाज वाटते, म्हणून सांगतच नाहीत. आणि माझ्या मांडीवर असतं काय, तर निवडायची मेथी.

आमचं गाव कराडपासून एसटीनं अर्ध्या तासावर. घरात मी आणि सून. मुलगा मिलिट्रीत हवालदार आहे, नातू पुण्याला शिकतो. मुलगा दर दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर येताना नवा फोन घेऊन येतो आणि जुना माझ्या हातात देतो. जुना म्हणजे नावालाच जुना. मागं तीन कॅमेरे आहेत, त्यातले दोन कशाला आहेत ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या भागात ही रीतच पडून गेलीय म्हणा ना. पूर्वी पोरं सुट्टीवर येताना आईला मिलिट्रीची काळी ट्रंक आणि कांबळं आणायची, आता फोन आणतात. बायकोला नाही देत, आईला देतात. बायको म्हणते मला नवाच पाहिजे, आणि तिचं बरोबरच आहे.

आमच्या सुनेनं मात्र नवाही मागितला नाही आणि जुनाही. तिचा फोन तिनं स्वतः घेतलेला, साधा. एकदा हातातून पडला तेव्हापासून त्याच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आहेत. तिच्या फोनवर जाहिराती येतात त्या अशा : पाच मिनिटांत कर्ज, घरबसल्या कमवा, तीन गाऊनवर एक गाऊन फुकट.

एक घर, एक चूल, एकच विजेचा मीटर. आणि मला समुद्र, तिला गाऊन.

एक दिवस तिनं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाली, "आई, फोनला बी कळतं बघा, सासू कोण आणि सून कोण."

मी हसले. ती पण हसली, पण तिचं हसणं ओठापर्यंतच होतं. ते का, ते सांगते.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मसाल्याचा डंक आहे. मिरची, धणे, खोबरं, भाजलेला कांदा-लसूण सगळं कुटून मसाला करायचं मशीन. तो सुनेचा. सांगलीला जाऊन तिनं स्वतः पसंत केला आणि टेम्पोत दोरखंडानं बांधून, त्याच्या शेजारी मागं उभी राहून गावात आणला. लोक वरात बघावी तसे बघत होते. पहिले दोन उन्हाळे चांगले गेले. मग रस्त्यावर एकानं मोठं मशीन टाकलं आणि आमच्या शेडकडं वळणाऱ्या मिरचीच्या पाट्या कमी झाल्या. म्हणून यंदा तिनं ठरवलं की आपणच मसाला करायचा, पाकिटं भरायची. कराडचा एक दुकानदार म्हणाला, सगळा माल घेतो. तिनं मिरची आणली, देठ काढले, वाळवली. आणि पहिला घाणा निघाला तेव्हा दुकानदार म्हणाला, जागा नाही हो दुकानात, पुढच्या वर्षी बघू.

मुलाचा राजस्थानातून फोन आला. त्याला यंदा बायकोसह राहायला क्वार्टर मिळालंय. म्हणाला, "पावसाच्या आत चालला तर चालवा. न्हाई तर इकून टाका आणि तू हिकडं ये." सून "बघू" म्हणाली. पण त्या दिवसापासून ती डंक दिवसातून दोनदा पुसायला लागली. बंद मशीनला धूळ ती किती बसणार? तरी पुसायची. इस्लामपूरकडचा एक माणूस येऊन मशीन बघूनही गेला. चारी बाजूंनी फिरला, हात लावला, आणि म्हणाला, "पंधरा दिवसांनी येतो, तवर इचार करून ठेवा."

आता आली माझी भाची. ही माझ्या भावाची मुलगी, सांगलीत असते, आणि घरात बसून दुकानदारांच्या जाहिराती फोनवर टाकून देते. एवढाच तिचा धंदा. मला आत्ती म्हणते. आंब्याचं लोणचं न्यायला आली होती, सुनेचा चेहरा बघितला, काय झालं ते विचारून घेतलं आणि बरणी बाजूला ठेवून म्हणाली, "वहिनी, जाहिरात टाकू या. पंधरा दिवस हायत ना?"

मी म्हटलं, "आधी मला हे सांग, माझ्या फोनला समुद्र का दिसतो? मालकांच्या माघारी मिळते ती माझी पेन्शन त्याला कुणी सांगितली?"

"कुणी न्हाई सांगितली, आत्ती. जाहिरातवाले अंदाज बांधत्यात. फोन कुठला, किमतीचा का साधा. राहता कुठं. काय शोधता, कशावर बोट जरा जास्त थांबतं, काय बघून पुढं ढकलता. ह्या सगळ्यावरनं ठरवायचं, ही बाई वरच्या खणातली का खालच्या."

"म्हणजे चाचीच की ती," मी म्हटलं.

भाचीला चाची कुठली माहीत असणार? तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेठेत पोती उचलायचे, आई वखारीत हळद निवडायची. आमच्या गल्लीत एक मुसलमान बाई बांगड्या घेऊन यायची, आम्ही सगळे तिला चाची म्हणायचो. ती पायरीवर टोपली ठेवायची आणि आधी काही बोलायचीच नाही. बघायची. दारातल्या चपला बघायची. बाईच्या पायातली जोडवी बघायची, चांदीची का नुसती पांढरी. आतून फोडणीचा वास येतोय तो तेलाचा का तुपाचा, तेही तिला कळायचं. आणि मग ठरवायची, टोपलीतला कुठला डबा उघडायचा. खालच्या डब्यात साध्या काचेच्या, वरच्या डब्यात सोनेरी रेघेच्या. आमच्या दारात तिनं वरचा डबा कधी उघडला नाही आणि आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही.

एकदाच उघडला. वखारीच्या मालकिणीनं आईला आपली एक जुनी साडी दिली होती, जरीच्या काठाची. आई त्या दिवशी तीच नेसून दारात उभी होती. चाचीनं पायरीवर बसता बसता वरचा डबा उघडला. मी आईच्या मागून बघतेय. कसल्या बांगड्या होत्या!  आईनं फक्त हात पुढं केले. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, नखांच्या कडा तर कायमच्या पिवळ्या. चाचीनं ते हात बघितले, मग काठ बघितला, मग परत हात. आणि मोठ्यानं हसून म्हणाली, "पदर बघितला गं बाई, हात बघायचे राहिले." आणि वरचा डबा मिटून, खालच्या डब्यातल्या त्यातल्या त्यात चांगल्या हिरव्या बांगड्या आईच्या हातात भरल्या. एक जास्तच भरली.

भाची म्हणाली, "असंच हाय, आत्ती. फकस्त हितं हात बघणारी कोण न्हाई."

जाहिरात कुणाला दाखवायची, तो पहिला प्रश्न. सुनेचं म्हणणं, मसाला अस्सल आहे, किंमत कमी करणार नाही, तर श्रीमंतांनाच दाखवा. गरीब कशाला घेतील? भाचीनं फोनवर टिचक्या मारल्या. सातारा आणि सांगली जिल्हा. बायका. वय चाळिशीच्या पुढं. आणि कमाईच्या खणात सगळ्यात वरचा. मला म्हणाली, "आत्ती, तुमी बोला. मी फिल्म काढते."

मी पाव तास बोलले. तिनं कापून अर्ध्या मिनिटाचं केलं. त्यात शेवटी काय राहिलं, तर मी झारा हातात घेऊन म्हणतेय, "आमचा मसाला खाऊन नाकातनं पाणी आलं न्हाई तर पाकीट परत पाठवा." खाली नंबर माझा टाकला, कारण सुनेच्या फोनला दुपारनंतर दम लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला. सून धावत आली, ओल्या हातानं. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"तुमीच का त्या झाऱ्यावाल्या?"

"व्हय, मीच. बोला."

"आवं, खोबरं लय काळं दिसतंय तुमचं. करपवलंय तुमी."

मी म्हटलं, "करपवलेलं न्हाई, तसंच भाजायचं असतं."

"काय सांगता! मी लगीन होऊन आल्यापास्नं मसाला करतीया. असा भाजला असता तर आमच्या सासूनं मला म्हायेरी धाडलं असतं."

"किती पाकिटं पाठवू?"

"पाकिटं? मी इकत घेऊ व्हय मसाला? मला काय हात न्हाईत?" आणि ठेवला फोन.

म्हटलं असेल एखादी. पण नाही हो. दिवसभर फोन. एकीनं विचारलं तीळ का घातले नाहीत. एकीनं विचारलं तीळ का घातले. मिरजेजवळच्या एका बाईनं मी कुठल्या गावची लेक, ते विचारून घेतलं आणि माझ्या मावशीची नणंद तिच्या ओळखीची निघाली. एकजण म्हणाली, "नाकातनं पाणी आणण्यात काय मोठेपणा हाय? ते मिरचीनं बी येतं. चव सांगा चव." मी तिच्याशी वीस मिनिटं भांडले. खूप छान वाटलं. पण पाकीट एकीनंही मागितलं नाही.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी सून शेडमध्ये गेली. फडक्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. जाऊन बघितलं तर डंकाला टेकून बसली होती, फडकं मांडीवर. म्हणाली, "आई, त्या इस्लामपूरवाल्याला फोन लावून टाकू का? उगंच पंधरा दिवस कशाला वाट बघायची."

मी भाचीला फोन लावला. तीही बुचकळ्यात. "आत्ती, असं व्हायला नको. सगळ्या वरच्या खणातल्या हायत. एकेकीचा फोन बघा म्हणावं, तुमच्यासारखाच भारी."

तुमच्यासारखाच. तो शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. मी मेथी निवडणारी बाई, म्हशीची धार काढणारी बाई, आणि माझा फोन वरच्या खणातला. का? तर पोरानं दिलेला म्हणून. मग ह्या बायका कोण असतील?

तेवढ्यात फोन वाजलाच. कराडजवळच्या मलकापूरची बाई. खोबऱ्यापासून सुरुवात केली. मी तिला बोलू दिलं, आणि मग विचारलं, "ताई, एक इचारू का? तुमचा फोन कुणी दिला?"

"कुणी म्हंजे? पोरानं. मिल्ट्रीत हाय माझा. सुट्टीला आला की जुना मला देतो. का वं?"

पुढचा फोन पाटणकडून. तिचाही मिलिट्रीत. नंतरची एक तर दोन मुलं मिलिट्रीत असलेली. तिच्याकडं दोन फोन, एक खडीसाखरेच्या डब्यात ठेवलेला. मी हसायला लागले ती थांबेचना. फोनला वाटलं आम्ही सगळ्या तलावाच्या कडेला पांढऱ्या कपड्यात बसलोय. आणि आम्ही कुठं होतो? जी ती आपापल्या चुलीपुढं, स्वतःचा मसाला स्वतः करणारी. अख्ख्या दोन जिल्ह्यांत ज्यांना विकत मसाल्याची अजिबात गरज नाही, नेमक्या त्याच बायका शोधून काढल्या होत्या त्या जाहिरातीनं. चाचीसारखाच पदर बघितला, हात बघायचे राहिले.

पण मग मला माझंच आठवलं. मागच्या दिवाळीत मी मुलाला डबा भरून मसाला दिला होता. दोन महिन्यांत संपला. त्यानंतर तो तिथलं पाकीट आणून खातो आणि फोनवर म्हणतो, "आई, रंग हाय, चव न्हाई."

मलकापूरच्या बाईला मी परत फोन लावला. तिला वाटलं भांडण अजून शिल्लक आहे.

"ताई, तुमच्या पोराला मसाला कोण पाठवतं?"

तिचा भांडणाचा सूर उतरला. मग म्हणाली, "कोण पाठवणार? सुट्टीवर आला की नेतो. आता आठ म्हयनं झालं. मला कुठं ते पार्सल-बिर्सल कळतं? पत्ता इंग्रजीत, त्यात सगळं आकडंच. आणि पिशवी फुटली तर सगळ्या पोस्टात ठसका."

"आणि आमच्या सुनेनं बांधून पाठवला तर?"

"तुमचा मसाला?"

"न्हाई वं. तुमचाच. तुमची मिरची, तुमचंच खोबरं, तुमी भाजायचं तसं भाजा. हितं आणा, आमच्या डंकावर समोर उभं राहून कुटून घ्या. ती तीन पिशव्यांत घालून, शिवून, पत्ता लिहून पोस्टात टाकंल."

"समोर उभं राहू देशीला?"

"खुर्ची देते बसायला."

ती बाई दुसऱ्याच दिवशी आली. एसटीनं, डोक्यावर पाटी, पाटीवर पांढरं फडकं. बरोबर शेजारीण. सुनेनं डंक सुरू केला तेव्हा बंद बसलेल्या मशीननं आधी जरा कुरकुर केली, मग लागला नीट. ठसका असा उठला की बाहेर बांधलेली म्हैस शिंकली. मलकापूरची बाई पदर नाकाला लावून डंकाजवळून हलली नाही. मूठ भरून वास घेतला, आणि सुनेला म्हणाली, "अजून एक हात कूट." सुनेनं कुटलं. मग बाईनं आणलेल्या चिठ्ठीवरून सुनेनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला. हवालदाराची बायको ती, असल्या आकड्यांच्या पत्त्यांचा तिला सराव. बाई त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं नुसतं बोट फिरवलं त्याच्यावरून.

भाचीनं जाहिरात बदलली. खण तोच ठेवला, सगळ्यात वरचा, कारण फोन जी चूक करतो ती आता आमच्या कामाची होती. मला परत झाऱ्यासकट उभं केलं, आणि ह्या वेळी मी एवढंच म्हटलं, "तुमचा मसाला तुमच्या पोरापर्यंत पोचवू." पोरापर्यंत म्हणून चुकलंच माझं. दोन बायकांनी फोन करून झाडलं, "आमची लेक हाय फौजेत, तिला न्हाई का खाऊ वाटत?" मग ते बदलून लेकरापर्यंत केलं.

सुनेनं स्वतः आणलेली मिरचीही कामी आली. ज्यांचं मिरची वाळवायचं अंगण गेलंय, गुडघे गेलेत, त्या आपलं माप सांगायच्या आणि सून त्या मापानं करून द्यायची. हिला तीळ, तिला नको, हिचं खोबरं काळं, तिचं गुलाबी. भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय सगळं. रस्त्यावरचं मोठं मशीन हे करणार नाही. त्याच्याकडं एकच भाजणी, सगळ्यांना.

पंधरा दिवस झाले आणि इस्लामपूरचा माणूस आला. दारातच थबकला, कारण शेडपासून कट्ट्यापर्यंत पाट्यांची रांग लागली होती. मी कट्ट्यावर होते. सून त्याला काय सांगणार ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं. ती शेडमधून बाहेर आली. तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांवर लाल पूड. फडकं खाली ओढून म्हणाली, "दादा, मशीन इकायचं न्हाई. तुमाला उगंच खेप पडली."

तो डोकं खाजवत उभा. मला वाटलं आता भांडतो. तर तो मागं वळला, गाडीवरनं एक पाटी उतरवली आणि म्हणाला, "ते कळलंच हुतं मला. आमच्या आईनं धाडलंय हे. धाकटा भाऊ आसामात असतो. तिनं तुमाला फोनवर बघितलंय म्हणं, झारा घेऊन."

"मग लावा की लाइनीत," सून म्हणाली.

तो लाइनीत लागला. मधेच उठून डंकाचा पट्टा सैल झालाय म्हणून आवळूनही दिला.

रात्री मुलाचा फोन आला तेव्हा सुनेनं त्याला सांगितलं की मी येते, पण पावसात. पाऊस संपला की परत. तो म्हणाला, "येताना मसाला आण." ती म्हणाली, "पार्सल कालच टाकलंय. आईच्या मापाचं."

परवा तिच्या त्या जाळं पडलेल्या काचेवर एक जाहिरात आली. तिनं माझ्यापुढं धरली. मोठी गोदामं, पट्ट्यावरून सरकणारी खोकी, आणि कोट घातलेला एक माणूस सांगतोय, तुमच्या कारखान्यासाठी खोकी घाऊक दरात. पिशव्यांचे भाव शोधत होती ना ती आठवडाभर, त्यावरून अंदाज बांधला असणार.

"कारखाना म्हणं," ती म्हणाली आणि शेडकडं बघितलं. पण जाहिरात पुढं ढकलली नाही. खोक्यांचा भाव सांगून होईस्तोवर पूर्ण बघितली.

माझ्या फोनवर मात्र अजून समुद्रच आहे.